सुईविना यकृताची परीक्षा : फायब्रोस्कॅन म्हणजे काय आणि ती कोणी करून घ्यावी?



पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जागतिक रुग्णदिनाची स्थापना केली. तेव्हापासून दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्डमातेच्या सणाच्या दिवशी, ख्रिस्तसभा आजाऱ्यांसाठी विशेष प्रार्थना करते. प्रार्थनेबरोबर योग्य माहितीही द्यावी, हे सेवेचेच अंग आहे, अशी आमची धारणा आहे. म्हणून या लेखात आम्ही यकृताच्या एका तपासणीचा परिचय करून देत आहोत. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर वा पुण्याच्या डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर हल्ली ‘फायब्रोस्कॅन’ किंवा ‘इलास्टोग्राफी’ असा शब्द लिहिलेला आढळतो. तो वाचून कुटुंबीय घाबरतात. कुणाला तो कर्करोगाचा तपास वाटतो, कुणाला मोठी शस्त्रक्रिया वाटते. वास्तविक ही तपासणी ना कर्करोगाची आहे, ना शस्त्रक्रियेची. त्वचेला साधा ओरखडाही न पाडता यकृत किती कठीण झाले आहे, एवढेच ती सांगते. मात्र हे ‘एवढेच’ वेळेवर कळले, तर एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचू शकतो.

मुकाट्याने सोसणारे इंद्रिय

मराठीत ‘काळीज’ हा शब्द मुळात यकृताचा. पुढे तो हृदयासाठी आणि मायेसाठी रूढ झाला. ‘दगडाचे काळीज’ असे आपण निष्ठुर माणसाला म्हणतो. वैद्यकीय अर्थाने मात्र काळीज खरोखरच दगडासारखे होऊ शकते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय नेमका तोच आहे.

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असून ते उजव्या बरगड्यांखाली असते. अन्नरसाचे शोधन, पित्ताची निर्मिती, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती, साखरेचा साठा आणि विषारी द्रव्यांचा निचरा अशी अनेक कामे ते अहोरात्र करते. या इंद्रियाचा गुण हाच त्याचा धोकाही आहे. त्याच्या अंतर्भागाला वेदना जाणवत नाहीत. वेदना जाणवते ती फक्त त्याच्या वरच्या आवरणाला. त्यामुळे मोठा भाग निकामी होईपर्यंत यकृत तक्रार करीत नाही. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी साठणे म्हणजेच जलोदर, रक्ताची उलटी होणे, भ्रम होणे ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

दारू, हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू, मधुमेह व लठ्ठपणाबरोबर येणारी चरबी, काही औषधे आणि काही आनुवंशिक विकार यांमुळे यकृताच्या पेशींना वारंवार इजा होते. जखम भरून येताना त्वचेवर जसा वण राहतो, तसेच यकृतात तंतूंचे जाळे तयार होते. यालाच ‘फायब्रोसिस’ किंवा तंतुमयता म्हणतात. डॉक्टर तिच्या पायऱ्या ‘एफ-०’ ते ‘एफ-४’ अशा मोजतात. एफ-० म्हणजे वण नाही. एफ-१ म्हणजे रक्तवाहिन्यांभोवती थोडे तंतू. एफ-२ मध्ये तंतूंचे काही पडदे दिसू लागतात, एफ-३ मध्ये ते पुष्कळ होतात, आणि एफ-४ म्हणजे सिरोसिस. या अखेरच्या पायरीवर यकृताची मूळ घडणच बदललेली असते. पहिल्या पायऱ्यांवर कारण दूर केले, तर यकृत पुष्कळ अंशी पूर्ववत होऊ शकते. म्हणून माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे, हे कळणे अत्यावश्यक ठरते.

पुण्याने शिकवलेला धडा

यकृतावरील वण मागे हटू शकतात, याचे एक ठळक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. काही दशकांपूर्वी सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाच्या बालकांना यकृताचा एक भीषण विकार होत असे. त्याला ‘भारतीय बाल सिरोसिस’ म्हणत. पोट फुगे, यकृत दगडासारखे घट्ट लागे, पुढे कावीळ होई आणि बहुतेक मुले दगावत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या रोगाचा मागोवा घेतला. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले होते. तान्ह्या मुलांना पाजण्याचे वरचे दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवले व साठवले जाई, आणि तेथून तांबे दुधात उतरे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या विषयावरील त्यांचा एक महत्त्वाचा लेख १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पितळी भांड्यांची जागा स्टीलने घेतली, मातांना स्तनपानाचे महत्त्व समजावण्यात आले, आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध ज्या मुलांना वेळेत मिळाले, त्यांच्यापैकी अनेक जगली. या मुलांचा दीर्घकालीन वृत्तान्त १९९६ साली प्रसिद्ध झाला. पुढे घेतलेल्या त्यांच्या यकृताच्या नमुन्यांत क्रमाक्रमाने सुधारणा झालेली आढळली.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कारण ओळखून वेळेत दूर केले, तर यकृत सावरते, ही पहिली. सावरते आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या काळी लहानग्यांच्या यकृतात पुन्हा पुन्हा सुई घालावी लागे, ही दुसरी.

सुईची मर्यादा

यकृतात सुई घालून मांसाचा बारीकसा तुकडा काढणे आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, याला बायोप्सी म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८८३ साली ती प्रथम केली. इटलीतील मेंगिनी यांनी १९५८ साली एका सेकंदात तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर तिचा सर्वत्र प्रसार झाला. आजही काही प्रसंगी तिला पर्याय नाही, कारण रोगाचे नेमके कारण आणि पेशींमधील दाह ती प्रत्यक्ष दाखवते.

परंतु तिच्या तीन अडचणी आहेत. एक, ती वेदनादायक असून क्वचित अंतर्गत रक्तस्राव होतो. दोन, काढलेला तुकडा संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढाच असतो. वण सर्वत्र सारखे पसरलेले नसतात, त्यामुळे सुई चांगल्या जागी गेली तर रोग कमी दिसतो, वाईट जागी गेली तर जास्त. तीन, दर वर्षी बायोप्सी करून घ्यायला कोण राजी होईल?

लहर काय सांगते?

कठीण आणि मऊ यांतला भेद कापून न पाहताही ओळखता येतो, हे आपल्या घरातील गृहिणीला चांगले ठाऊक आहे. कणीक नीट मळली गेली की नाही, हे ती बोटाने दाबून पाहते. जुने वैद्य आणि डॉक्टरही पोटावर हात ठेवून यकृताचा कठीणपणा अजमावीत. नवीन यंत्राने हेच काम मोजमापाच्या कक्षेत आणले.

पॅरिसमधील एकोसेन्स या कंपनीने विकसित केलेल्या फायब्रोस्कॅन यंत्रावरील महत्त्वाचा शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही या यंत्राला मान्यता दिली. त्याचे कार्य असे चालते : दोन बरगड्यांच्या मधल्या जागी एक दांडीसारखे उपकरण टेकवतात. ते त्वचेवर एक हलकीशी टिचकी मारते. त्या धक्क्याने यकृतात एक मंद लहर पसरते. त्याच उपकरणातून सोनोग्राफीच्या ध्वनिलहरीही सोडल्या जातात, आणि त्या या मंद लहरीचा पाठलाग करून तिचा वेग मोजतात.

वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी सैल असेल, तर तिला दिलेला झटका सावकाश पुढे सरकतो, आणि ताणलेली असेल तर क्षणात टोकाला पोहोचतो. यकृताचेही तसेच आहे. मऊ यकृतात लहर हळू चालते, वणांनी ताठरलेल्या यकृतात वेगाने धावते. या वेगावरून ‘किलोपास्कल’ या एककात कठीणपणा काढतात. लहर सेकंदाला सुमारे १.३ मीटर वेगाने गेली, तर कठीणपणा ५ किलोपास्कल येतो. वेग दुप्पट म्हणजे २.६ मीटर झाला, तर कठीणपणा चौपट म्हणजे सुमारे २० किलोपास्कल होतो. लहरीने तपासलेला भाग साधारण एक सेंटिमीटर रुंद व चार सेंटिमीटर लांब असतो. बायोप्सीच्या तुकड्याहून तो शंभरपटीने तरी मोठा असतो.

हल्लीच्या काही चांगल्या सोनोग्राफी यंत्रांतही हीच सोय असते. त्यात टिचकीऐवजी केंद्रित ध्वनीच्या दाबाने लहर निर्माण करतात, आणि यकृताचे चित्र पाहत पाहत जागा निवडता येते. तिला ‘शिअर वेव्ह इलास्टोग्राफी’ म्हणतात. मात्र एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नये. पुढील तपासणी शक्यतो त्याच प्रकारच्या यंत्रावर करावी.

प्रत्यक्ष तपासणी

तपासणीपूर्वी किमान तीन तास काही खाऊ नये. जेवणानंतर यकृताचा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा खोटा वाढून येतो. रुग्णाने उताणे झोपून उजवा हात डोक्याखाली घ्यायचा असतो. त्वचेवर सोनोग्राफीसारखाच गार मलम लावतात. दहा वेळा टिचकी मारून दहा मोजमापे घेतात व त्यांतील मधला आकडा धरतात. सारे काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. भूल नाही, इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत. त्याच दिवशी घरी जाता येते. गरोदर स्त्रियांनी आणि शरीरात पेसमेकर बसवलेल्या रुग्णांनी ती बाब आधीच सांगावी.

अहवाल कसा वाचावा?

अहवालात प्रामुख्याने तीन गोष्टी असतात.

पहिली, कठीणपणा. चरबीयुक्त यकृताच्या रुग्णात ८ किलोपास्कलपेक्षा कमी आकडा आला, तर गंभीर वणांचा धोका कमी मानतात. ८ ते १२ या दरम्यान अधिक तपास लागतो, आणि १२ च्या वर तज्ज्ञांकडे जाणे आवश्यक ठरते. जुनाट यकृतविकाराच्या तज्ज्ञांनी २०२१ च्या बावेनो परिषदेत लक्षात ठेवण्यास सोपा असा ‘पाचाचा नियम’ सांगितला : ५, १०, १५, २०, २५. इतर लक्षणे नसताना १० च्या खाली प्रगत विकार बहुधा नसतो. १५ च्या वर तो बहुधा असतो. २५ च्या वर यकृताकडे जाणाऱ्या शिरांतील दाब धोकादायक वाढलेला असण्याचा संभव फार, निदान विषाणू वा दारूमुळे झालेल्या विकारात तरी. त्याच परिषदेनुसार आकडा २० पेक्षा कमी आणि रक्तातील प्लेटलेट दीड लाखांपेक्षा जास्त असतील, तर अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा पाहण्यासाठी दुर्बीण घालण्याचा त्रासही पुष्कळदा टाळता येतो.

दुसरी, मोजमापांची विश्वासार्हता. दहा आकड्यांतील तफावत मधल्या आकड्याच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर तो अहवाल भरवशाचा नव्हे, विशेषतः आकडा वाढलेला असताना.

तिसरी, ‘कॅप’ नावाचा आकडा. तो १०० ते ४०० च्या दरम्यान असतो आणि यकृतातील चरबीचा अंदाज देतो. त्याचा वणांशी थेट संबंध नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. साध्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड-१ फॅटी लिव्हर’ असे लिहिलेले असते. ही ‘ग्रेड’ चरबीची आहे, वणांची नव्हे. ‘ग्रेड-१’ लिहिले म्हणून निर्धास्त राहणारे आणि ‘ग्रेड-३’ वाचून सिरोसिस झाला असे समजून खचणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळतात. साध्या सोनोग्राफीत आरंभीचे वण दिसत नाहीत. थोड्या चरबीमागे मोठे वण असू शकतात, आणि पुष्कळ चरबी असूनही वण नसू शकतात.

आकडा केव्हा फसवतो?

यंत्र कठीणपणा मोजते, वण मोजत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. ताजी कावीळ, यकृतातील तीव्र दाह, पित्तमार्गातील अडथळा, हृदय कमकुवत झाल्यामुळे यकृतात तुंबलेले रक्त, या सर्वांमुळे वण नसतानाही आकडा वाढतो. भरपूर दारू पिणे चालू असताना काढलेला आकडाही असाच फुगलेला असू शकतो. दारू बंद केल्यावर काही आठवड्यांत तो उतरतो. पोटात पाणी साठलेले असेल, तर फायब्रोस्कॅनची लहर यकृतापर्यंत नीट पोहोचत नाही. स्थूल व्यक्तींसाठी वेगळे, मोठे उपकरण वापरावे लागते. म्हणून अहवाल हाती पडताच स्वतःच निष्कर्ष काढू नये. रक्ततपासणी, इतिहास आणि आकडा या तिन्हींचा मेळ डॉक्टरांनीच घालावयाचा असतो.

अहमदपूरच्या माणसाने सुरुवात कोठून करावी?

प्रत्येकाने उठून मोठ्या शहरात जावे आणि फायब्रोस्कॅन करून घ्यावी, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. पहिली पायरी अहमदपुरातच चढता येते. रक्ताच्या दोन साध्या तपासण्यांवरून ‘फिब-४’ नावाचा आकडा काढतात. तो शोधनिबंधाच्या रूपाने २००६ साली प्रसिद्ध झाला. वयाला ‘एएसटी’ (जुने नाव एसजीओटी) या आकड्याने गुणावे, आणि त्या गुणाकाराला प्लेटलेटची हजारांतील संख्या व ‘एएलटी’ (जुने नाव एसजीपीटी) चे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागावे.

उदाहरणार्थ, वय ५०, एएसटी ४८, एएलटी ६४, प्लेटलेट दोन लाख म्हणजे २०० हजार. ५० गुणिले ४८ म्हणजे २४००. ६४ चे वर्गमूळ ८, त्याला २०० ने गुणले की १६००. २४०० भागिले १६०० म्हणजे १.५. आकडा १.३ पेक्षा कमी असता, तर गंभीर वणांची शक्यता कमी समजून एक ते तीन वर्षांनी पुन्हा तपासले असते. २.६७ पेक्षा जास्त असता, तर तज्ज्ञांकडे पाठवले असते. १.५ हा मधला आकडा असल्यामुळे आता इलास्टोग्राफीला अर्थ आहे. वय ६५ च्या पुढे असेल, तर १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात, आणि ३५ च्या आतील व्यक्तींत हे गणित भरवशाचे नाही.

ग्रामीण रुग्णालयात वा नेहमीच्या डॉक्टरांकडे ही प्राथमिक तपासणी करून घ्यावी. पुढची गरज भासल्यास अहमदपूरकरांना दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे आणि नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी सदर तपासणी तेथे होते काय, कोणत्या वारी होते आणि खर्च किती, याची चौकशी करावी, म्हणजे उपाशीपोटी केलेला एस.टी.चा प्रवास व्यर्थ जाणार नाही. हिपॅटायटिस बी व सी या विषाणूंची तपासणी व औषधे केंद्र शासनाने २८ जुलै २०१८ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत दिली जातात. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा गोळ्यांनी पूर्ण बरा होतो.

विशेष लक्ष कोणी द्यावे?

मधुमेही, पोटाचा घेर वाढलेले, नियमित दारू पिणारे, हिपॅटायटिस बी वा सी झालेले, आणि ज्यांच्या रक्तातील यकृताचे आकडे सहा महिन्यांहून अधिक काळ वाढलेले आहेत, अशांनी.

‘मी तर सडपातळ आहे, मला चरबी कोठून येणार?’ असे काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी पुण्याचेच आणखी एक उदाहरण देतो. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर वरून बारीक आणि आतून चरबीयुक्त असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. केंद्र शासनानेही २०२१ साली चरबीयुक्त यकृताच्या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

आकडा कळल्यावर

तपासणी हा उपचार नव्हे. आकडा कळल्यावर जीवन बदलले नाही, तर त्या कागदाचा काही उपयोग नाही. वजन जास्त असल्यास ते ७ ते १० टक्क्यांनी कमी केल्यास चरबीमुळे होणारा दाह कमी होतो, आणि १० टक्के वा अधिक घटल्यास वणही मागे हटू शकतात. ८० किलोच्या माणसासाठी हे ८ किलो झाले. मधुमेह काबूत ठेवावा. नवजात बालकांना हिपॅटायटिस बी ची लस वेळेवर द्यावी. काविळीवर माळ घालणे, अनोळखी झाडपाल्याचे काढे घेणे यांत मोलाचे दिवस वाया घालवू नयेत, आणि जी काही औषधे चालू असतील ती डॉक्टरांपासून लपवू नयेत.

सर्वांत कठीण गोष्ट दारूची. सिरोसिसचे वण पडलेले असतानाही दारू सोडणाऱ्याचे आयुष्य वाढते, हे निर्विवाद आहे. पण व्यसन हा आजार आहे, आणि त्याला उपदेशापेक्षा आधाराची गरज असते. डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट तरुणपणी दारूच्या आहारी गेला होता. १८८४ साली त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली आणि १९२५ मधील मृत्यूपर्यंत ती पाळली. ख्रिस्तसभेने १९७५ साली त्याला ‘पूजनीय’ घोषित केले. त्याचे बळ होते रोजची मिस्सा आणि प्रार्थना. अनेक ठिकाणी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा चर्चच्या आवारात भरतात. ज्या घरी हा प्रश्न आहे, त्या घरच्या पत्नीने, आईने अथवा मुलाने लाज न बाळगता आपल्या फादरांशी वा सिस्टरांशी बोलावे. आणि आपण शेजाऱ्यांनी त्या घराकडे बोट दाखवण्याऐवजी रुग्णासोबत दवाखान्यापर्यंत जावे. दयाळू शोमरोनी जखमीला केवळ पाहून थांबला नाही. त्याने त्याला उतारशाळेपर्यंत नेले आणि खर्चाचीही तरतूद केली.

श्रद्धा आणि तपासणी

‘देवावर भरवसा आहे, मग तपासणी कशाला?’ असा प्रश्न काही भाविक विचारतात. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय या शंकेचे उत्तर देतो. वैद्याचा मान राखावा, कारण तोही देवानेच निर्माण केला आहे, आणि प्रार्थना करून मग वैद्याला आपले काम करू द्यावे, असा त्या अध्यायाचा आशय आहे. शुभवर्तमानकार संत लूक हे स्वतः वैद्य होते, ही आपली परंपरा आहे. तपासणी टाळणे ही श्रद्धा नव्हे. बहुधा ती भीती असते, आणि भीतीवर आपण एकमेकांच्या सोबतीने मात करू शकतो.

येत्या प्रायश्चित्तकाळात आपल्यापैकी अनेक जण मद्य व मांस वर्ज्य करतील. ज्यांच्या यकृतावर संकट आहे, त्यांनी मद्याचा तो त्याग चाळीस दिवसांवर न थांबवता आयुष्यभराचा करावा, आणि घरच्यांनी त्यांना साथ द्यावी. यहेज्केल संदेष्ट्याच्या द्वारे परमेश्वराने आपल्या लोकांना पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देण्याचे अभिवचन दिले. वेळीच सावध झालेल्या माणसाचे ताठरलेले काळीजही पुन्हा मऊ होऊ शकते. आपल्या सर्व आजारी बंधू-भगिनींवर, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका व धर्मभगिनींवर प्रभू येशूची कृपा असो आणि आरोग्यदायिनी लूर्डमाता त्यांच्यासाठी विनवणी करो.